नेमबाजी : ऑलिंपिकच्या रेषेवर उभे राहण्याआधी

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साडेचार मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी, म्हणजे पेलेट, त्या ठिपक्याला नुसती चाटून गेली तरी दहा गुण मिळतात. मात्र नुसत्या दहाला आता फारशी किंमत राहिलेली नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य पेलेटचा मध्य शोधते आणि गुण दशांशात देते. तो मध्य केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९, पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी, आणि अडीच मिलिमीटरवर १०.०. पात्रता फेरी साठ शॉटची असते, म्हणजे कमाल गुण ६५४. साठही वेळा काठावरचा दहा मारणारा नेमबाज ६०० वर थांबतो. गावच्या क्लबात त्याच्या पाठीवर थाप पडेल, पण ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठायला प्रत्येक शॉटमागे सरासरी साधारण १०.५ लागतात.

एअर पिस्तुलाचा दहा त्यामानाने ऐसपैस, ११.५ मिलिमीटरचा. कारण उघड आहे : रायफल दोन हातांनी, खांद्याला टेकवून धरली जाते, पिस्तूल एकाच हातात, हात पूर्ण लांब करून. पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मोजतात, कमाल ६००. दहाच्या आत पाच मिलिमीटरचे आणखी एक वर्तुळ असते, ते इनर टेन. दोघांचे गुण सारखे झाले की इनर टेनची संख्या पाहिली जाते. पॅरिसमध्ये २०२४ साली सरबज्योत सिंग आणि जर्मनीचा रॉबिन वॉल्टर यांचे ५७७ असे सारखेच गुण झाले. वॉल्टरचे इनर टेन १७, सरबज्योतचे १६. आठवा अंतिम फेरीत गेला, नववा बाहेर राहिला. नवशिक्याने आपल्या वहीत एकूण गुणांशेजारी इनर टेनचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा तो यासाठीच.

कोणता प्रकार निवडावा

नेमबाजी ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. १९०४ आणि १९२८ ही दोन वर्षे सोडली तर प्रत्येक वेळी ती खेळली गेली. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्तँ स्वतः पिस्तूल चालवत, हे त्याचे एक कारण मानले जाते. पॅरिसच्या कार्यक्रमात पदकांच्या पंधरा स्पर्धा होत्या : पाच रायफलच्या, पाच पिस्तुलाच्या, पाच शॉटगनच्या.

रायफलमध्ये दहा मीटर एअर रायफल (पुरुष, महिला आणि मिश्र जोडी) आणि पन्नास मीटर थ्री पोझिशन. थ्री पोझिशनमध्ये पॉइंट २२ रायफलने गुडघ्यावर बसून, पोटावर पडून आणि उभ्याने असे प्रत्येकी वीस शॉट मारावे लागतात. या प्रकाराला दमसास लागतो आणि डोकेही. उघड्या रेंजवर वारा वाहतो, तो वाचता आला पाहिजे. आसन बदलताना जॅकेटची बटणे, पट्टा, दस्त्याची लांबी हे सगळे नव्याने लावायचे असते, आणि घड्याळ थांबत नाही. पोटावर पडून गुण सर्वांनाच मिळतात. नेमबाजाची परीक्षा उभ्यानेच होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या अंतिम फेरीत तेच दाखवले. गुडघ्यावरच्या शॉटनंतर तो पहिल्या पाचातही नव्हता. उभ्याने मारायला लागल्यावर तिसरा झाला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली.

पिस्तुलात दहा मीटरच्या तीन स्पर्धांशिवाय महिलांचे पंचवीस मीटर पिस्तूल आणि पुरुषांचे रॅपिड फायर असते. रॅपिड फायरमध्ये शेजारी मांडलेल्या पाच लक्ष्यांवर पाच शॉट आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायचे असतात. विजय कुमारने लंडनला २०१२ मध्ये रौप्य मिळवले ते याच प्रकारात. महिलांच्या पंचवीस मीटरमध्ये तीस शॉट सावकाश आणि तीस झटपट असतात. झटपट भागात लक्ष्य तीन सेकंदच खुले राहते, तेवढ्यात हात खालून वर आणून ट्रिगर दाबायचा.

शॉटगन हा सगळ्यात खर्चिक आणि मोकळ्या मैदानातला प्रकार. ट्रॅपमध्ये नेमबाज खंदकामागे पंधरा मीटरवर उभा राहतो. खंदकातल्या पंधरा यंत्रांपैकी कोणते मातीची थाळी फेकेल हे त्याला ठाऊक नसते. प्रत्येक थाळीसाठी दोन काडतुसे मिळतात. स्कीटमध्ये उंच आणि ठेंगण्या अशा दोन घरांतून थाळ्या येतात, त्यांचा मार्ग ठरलेला असतो, पण हाक दिल्यावर थाळी लगेच येईल की तीन सेकंदांनी हे सांगता येत नाही. ती दिसेपर्यंत दस्ता कमरेशीच ठेवावा लागतो आणि एका थाळीला एकच काडतूस मिळते. पात्रतेला दोन्हीकडे १२५ थाळ्या. भारताला नेमबाजीतले पहिले ऑलिंपिक पदक, राज्यवर्धनसिंह राठोड यांचे अथेन्सचे रौप्य, डबल ट्रॅपमध्ये मिळाले. तो प्रकार आता ऑलिंपिकमध्ये नाही.

प्रकार निवडताना ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्पर्धांचा कार्यक्रम बदलत राहतो. तेजस्विनी सावंत म्युनिकला २०१० मध्ये जागतिक विजेती झाली ती पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर पडून. महिलांचा तो प्रकार त्या वेळीही ऑलिंपिकमध्ये नव्हता. राष्ट्रकुल स्पर्धांनी तर बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये नेमबाजी पूर्णच वगळली. आशियाई स्पर्धांत मात्र ती जोरात आहे. हांगझोऊमध्ये भारतीय नेमबाजांनी बावीस पदके आणली, त्यांत सात सुवर्णे होती. तिथे तिघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक पदकेही दिली जातात. रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश पंवार आणि ऐश्वर्य तोमर यांनी तिथे १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम केला. नवशिक्याने दहा मीटरवरच सुरुवात करावी. वर्षभर बंदिस्त जागेत सराव होतो, खर्च आवाक्यात राहतो, आणि एअर रायफलवर पक्की झालेली शिस्त पुढे पन्नास मीटरवर जशीच्या तशी कामी येते.

क्लबपासून संघापर्यंत

भारतात वाट एकच आहे : क्लब, जिल्हा, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय पूर्वपात्रता, राष्ट्रीय अजिंक्यपद, निवड चाचण्या. पूर्वपात्रतेच्या एका स्पर्धेला गणेश वासुदेव मावळंकरांचे नाव आहे. लोकसभेचे पहिले सभापती असलेले हे मराठी गृहस्थ १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते.

पालकांचा एक गोंधळ वारंवार होतो. देशांतर्गत स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियमांचा गट वेगळा आणि राष्ट्रीय नियमांचा गट वेगळा असतो. ओपन साइटची, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरायची, एअर रायफल दुसऱ्या गटात येते. तिच्यात मिळवलेले पदक खरे असले, तरी ऑलिंपिकची वाट पीप साइटच्या, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायच्या, रायफलवरूनच जाते. म्हणून मूल दोन वर्षे ओपन साइटवर पदके जिंकत असेल तर ती रायफल बदलण्याचा दिवस पुढे ढकलू नये.

४.५ मिलिमीटरच्या, ठरलेल्या ऊर्जामर्यादेतल्या एअर रायफल-पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट २२ आणि शॉटगनला लागतो. चांगली हत्यारे बहुतेक परदेशी असतात. त्यामुळे खरेदीआधी राज्य संघटनेकडे आयातीची रीत विचारून घ्यावी आणि पहिले वर्ष क्लबच्या हत्यारावरच काढावे. हात, खांदा, मान वाढत्या वयात बदलतात. घाईने घेतलेली रायफल वर्षभरात परकी वाटू लागते.

ऑलिंपिकची जागा, म्हणजे कोटा, देशाला मिळतो, जिंकणाऱ्या खेळाडूला नाही. एका वैयक्तिक स्पर्धेत एका देशाचे जास्तीत जास्त दोनच नेमबाज उतरू शकतात. ठाण्याच्या रुद्रांक्षने २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचे जागतिक विजेतेपद आणि त्याबरोबर पॅरिसचा कोटा मिळवला. पुढे २०२४ च्या निवड चाचण्यांत इतरांची सरासरी सरस ठरली आणि त्याला जाता आले नाही. ही पद्धत निर्दय वाटते, आणि तिच्यावर वादही पुष्कळ झाला. पण तयारीच्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ आहे : कारकिर्दीतला एक मोठा दिवस पुरत नाही, चाचण्यांच्या महिन्यांत सातत्याने गुण काढता आले पाहिजेत. वर्षाचे नियोजन करताना सरावाचा कळस कोटा स्पर्धेवर ठेवायचा की चाचण्यांवर, हे प्रशिक्षकाशी बसून आधीच ठरवावे.

हत्यार आणि कपडे

प्रत्येक मोठ्या स्पर्धेत मॅचआधी उपकरण तपासणी होते. एअर रायफल साडेपाच किलोपेक्षा जड नसावी. एअर पिस्तूल दीड किलोच्या आत असावे आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे. त्याचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलून धरणारा असावा, पंचवीस मीटर पिस्तुलाचा १००० ग्रॅम. रायफलच्या ट्रिगरला अशी किमान मर्यादा नाही.

खरी अडचण कपड्यांची होते. रायफलवाल्यांचे जाड कॅनव्हासचे जॅकेट आणि पँट पाठीला आधार देतात; ते किती जाड आणि किती ताठ असावेत याला मोजमाप आहे. कापडाची जाडी एकेरी अडीच मिलिमीटर, दुहेरी पाच मिलिमीटर यापेक्षा जास्त चालत नाही. ताठपणा यंत्राने दाबून मोजतात. बुटाचा तळवा ठरावीक जोराखाली किमान २२.५ अंश वाकला पाहिजे. कापडाचा ताठपणा हवामानानुसार बदलतो. पुण्याच्या कोरड्या थंडीत तपासणीत पास झालेले जॅकेट परक्या देशात काठावर येऊ शकते. म्हणून मोजमापाला जेमतेम टेकलेले जॅकेट शिवून घेणे हा शहाणपणा नव्हे, थोडी सवलत ठेवावी.

तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. हवेच्या सिलिंडरची मुदत उत्पादनापासून दहा वर्षांपलीकडे चालत नाही. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते, ती घरी असतानाच पाहावी. न वापरत्या डोळ्यासमोरची पट्टी तीस मिलिमीटरपेक्षा रुंद नको. आणि नळीत घालायची ठळक रंगाची सुरक्षादोरी जवळ हवी. हत्यार पेटीतून बाहेर काढल्यापासून फायरिंगची परवानगी मिळेपर्यंत ती नळीतच राहते.

पेलेटचेही तसेच. त्या ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा बारीक फरकाच्या मापांत मिळतात आणि प्रत्येक नळीला एखादाच लॉट रुचतो. रायफल शिकंज्यात पकडून प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉट मारावेत, ज्याची भोके सर्वांत लहान घोळक्यात पडतील तो लॉट वर्षभर पुरेल इतका घेऊन ठेवावा.

सराव कशाचा करायचा

पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण तेहेतीस सेंटिमीटर. त्या दोन साइट एकमेकींच्या रेषेत एक मिलिमीटरने चुकल्या, तर दहा मीटरवर गोळी तीस मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे दहाचा सात होतो. उलट साइट बरोबर रेषेत ठेवून सगळा हातच पाच मिलिमीटर सरकला, तर गोळीही पाचच मिलिमीटर सरकते आणि गुण दहाच मिळतो. या साध्या त्रैराशिकातच पिस्तूल नेमबाजीचे अर्धे शिक्षण आले. हात डुलणारच. तो डुलू द्यावा, पण नजर पुढच्या साइटवर खिळलेली हवी आणि लक्ष्य धूसर दिसायला हवे. नवशिका बरोबर उलटे करतो : त्याला काळे वर्तुळ स्वच्छ पाहायचे असते, आणि ते दिसले की आनंदाने ट्रिगर ओढतो.

ओढणे हा शब्दच चुकीचा आहे. ट्रिगरवरचा दाब हळूहळू वाढवायचा असतो, इतका की शॉट सुटल्याचे थोडे आश्चर्य वाटावे. त्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कंटाळवाणा उपाय म्हणजे ड्राय फायरिंग, पेलेट न घालता केलेला सराव. घरी कोऱ्या भिंतीसमोर रोज अर्धा तास तो केला तर महिन्याभरात बोटाला समज येते. भिंतीवर लक्ष्य नसावे, हे महत्त्वाचे. लक्ष्य असले की नजर तिकडे धावते आणि साइट विसरते.

श्वास अर्धा सोडून थांबायचे, सात-आठ सेकंदांत शॉट गेला पाहिजे. त्यापुढे डोळ्याला प्राणवायू कमी पडतो आणि साइटची कड पुसट होते. वेळ उलटली तर हत्यार खाली घ्यायचे. ही खाली घेण्याची सवय सरावात मोजून लावावी, कारण स्पर्धेत उचललेले हत्यार शॉट न मारता खाली ठेवायला फार धैर्य लागते. सरावाच्या वहीत मारलेल्या शॉटबरोबर सोडून दिलेल्या शॉटचीही नोंद करणारे प्रशिक्षक आहेत; ती नोंद पुष्कळदा गुणांपेक्षा जास्त सांगते.

महाराष्ट्रात हे शिकवणारी परंपरा आहे. अंजली भागवत यांनी सिडनीला २००० मध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे अथेन्सला २००४ मध्ये उतरल्या आणि पुढे दोघीही प्रशिक्षक झाल्या. कुसाळेच्या तयारीत देशपांडे यांचा मोठा वाटा आहे. कुसाळेची सुरुवात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाली, आणि पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. रेंज निवडताना इमारतीपेक्षा तिथे शिकवणाऱ्याने स्वतः किती मॅच खेळल्या आहेत हे विचारावे.

स्पर्धेचा दिवस

बहुक्रीडा स्पर्धेची एक गंमत अशी की नेमबाजीची रेंज बऱ्याचदा मुख्य शहरातही नसते. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरूला, पॅरिसपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर झाली. क्रीडाग्रामातली गर्दी टळते हा फायदा. पण इतर खेळांचे डॉक्टर, मसाज करणारे, आपल्या भाषेत बोलणारे लोक दूर राहतात. म्हणून सुटे भाग, पाना-किल्ल्या, जादा सिलिंडर, जादा साइट हे सगळे स्वतःच्या पेटीत असावे.

टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरीत मध्येच बिघडला. रेंज सोडून दुरुस्ती करावी लागली, आणि अशा बिघाडाला दहा मीटरमध्ये वेळ वाढवून मिळत नाही. उरलेले शॉट तिला घाईने मारावे लागले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. दुसरे तयार पिस्तूल, त्याच पकडीचे, त्याच वजनाच्या ट्रिगरचे, जवळ ठेवावे. आणि महिन्यातून एकदा पूर्ण मॅच त्यावरच खेळावी, नाहीतर ते पेटीतले ओझे होते.

मॅचआधी तयारी आणि सायटरसाठी पंधरा मिनिटे मिळतात. सायटर म्हणजे गुणांत न धरले जाणारे शॉट. त्यांची संख्या कितीही असली तरी चालते. या वेळात साइट जुळवायची असते, मन शांत करायचे नसते. मन रेंजवर येण्याआधीच शांत झालेले बरे. त्यानंतर साठ शॉटसाठी पंचाहत्तर मिनिटे. २०१८ पासून महिलांचेही साठच शॉट असतात; त्याआधी चाळीस असत. चांगला नेमबाज पहिले दहा-पंधरा शॉट सावकाश मारतो, लय लागली की वेग वाढवतो, आणि शेवटच्या दहासाठी वीस मिनिटे शिल्लक ठेवतो. मध्येच गुण घसरू लागले तर हत्यार ठेवून मागे खुर्चीवर बसता येते, प्रशिक्षकाशी बोलता येते. घड्याळ चालू असते म्हणून बहुतेक जण हा हक्क वापरत नाहीत, आणि पाचऐवजी पंधरा शॉट खराब करतात.

झटपट प्रकारांत वेळेची चूक थेट शून्य देते. पॅरिस ऑलिंपिकच्या काळात दक्षिण कोरियाच्या किम येजीची छायाचित्रे जगभर फिरली. त्याच किमने पंचवीस मीटरच्या झटपट भागात एक शॉट तीन सेकंदांनंतर सोडला, त्याचे शून्य गुण मिळाले आणि अंतिम फेरी हातची गेली. उशीर होतोय असे वाटले तर कसाही का होईना, शॉट सोडावा : सातचा शॉट शून्यापेक्षा सात गुणांनी मोठा असतो.

भलत्याच्या लक्ष्यावर मारणे ही आणखी एक जुनी खोड. अथेन्सला थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅट एमन्स तीन गुणांनी पुढे होता, एकच शॉट उरला होता. त्याने तो शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारला आणि सुवर्णावरून आठव्या क्रमांकावर गेला. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा पुढे असताना शेवटचा शॉट बोट ट्रिगरला लागून अवेळी सुटला, ४.४ गुण. पहिल्या चुकीला उपाय साधा आहे : प्रत्येक शॉटआधी नजर लक्ष्यावरच्या क्रमांकावरून खाली आणावी, थेट काळ्या वर्तुळावर नको. दुसऱ्या चुकीला उपाय म्हणजे साइट जुळेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवण्याची सवय, तीही सरावातल्या शेवटच्या थकलेल्या शॉटपर्यंत.

अंतिम फेरी

पात्रतेत रेंज शांत असते. अंतिम फेरीत संगीत वाजते, प्रेक्षक ओरडतात, आणि ते नियमाला धरूनच असते. पॅरिसमध्ये दहा मीटरच्या फायनलचे स्वरूप असे होते : आठ नेमबाज, सर्वांची सुरुवात शून्यापासून. आधी पाच शॉटच्या दोन सिरीज, प्रत्येकी २५० सेकंदांत. मग हुकुमावर एकेक शॉट, त्याला ५० सेकंद. बाराव्या शॉटनंतर आठवा बाहेर, पुढे दर दोन शॉटनंतर एकेक जण बाहेर, चोविसाव्या शॉटला सुवर्ण. पात्रतेचे गुण पुढे नेण्याची जुनी पद्धत २०१३ पासून बंद झाली. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्रा पात्रतेत चौथा होता, ५९६ गुणांवर. अंतिम फेरीतले १०४.५ मिळवून ७००.५ झाले. शेवटच्या शॉटआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते, बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनने ९.७, आणि तो कांस्यावर घसरला.

शून्यापासून सुरुवात म्हणजे आघाडी घेऊन निवांत होता येत नाही, आणि पात्रतेत आठवा आलेलाही जिंकू शकतो. सरावातही म्हणून आठवड्यातून एकदा फक्त चोवीस शॉटची मॅच ठेवावी, क्लबातल्या सगळ्यांना मागे उभे करून गोंगाट करायला लावावा. रेंजवर लाउडस्पीकर लावणारे क्लब आहेत, शेजारी त्यांना वैतागतात. मनूला पॅरिसमध्ये एअर पिस्तुलाचे कांस्य २२१.७ गुणांवर मिळाले. बाविसाव्या शॉटनंतर किम येजी तिच्यापुढे ०.१ ने होती, एवढ्यावरच मनूच्या पदकाचा रंग ठरला. फायनलच्या पडद्यावर क्रमवारी सतत दिसत असते. ती पाहायची की नाही हे आधीच ठरवून ठेवावे आणि अर्ध्यावर मत बदलू नये.

पॅरिसमध्ये मिश्र जोडीच्या पदकाच्या लढतीची रीत वेगळी होती. दोघांचा एकेक शॉट, बेरीज जास्त त्या जोडीला दोन गुण, बरोबरीत एकेक; आधी सोळा गाठणारी जिंकत असे. इथे एकाचा वाईट शॉट दुसरा भरून काढू शकतो, म्हणून जोडीदाराच्या शॉटकडे न पाहणे हीच खरी मदत. सगळ्या पद्धती ऑलिंपिकगणिक बदलतात. चार वर्षांपूर्वीची आठवण सांगणाऱ्यापेक्षा आंतरराष्ट्रीय महासंघाचे चालू नियमपुस्तक प्रमाण मानावे.

औषधे, आणि मॅचनंतरचे काही

हृदयाचे ठोके मंद करणारी आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध आहेत. बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग सूची दोन पदके, रौप्य आणि कांस्य, प्रोप्रॅनोलॉल सापडल्याने काढून घेतली गेली. हेच औषध रक्तदाबावर, अर्धशिशीवर, हात थरथरण्यावर गावातला डॉक्टरही सहज लिहून देतो. म्हणून प्रत्येक गोळीआधी डॉक्टरला खेळाचे नाव सांगावे, चिठ्ठी जपून ठेवावी आणि राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे खात्री करून घ्यावी. दुकानदाराने दिलेल्या सर्दीच्या गोळ्या, व्यायामशाळेतली पावडर यांनाही हाच नियम.

मॅच संपल्यावर काही नेमबाजांना लगेच तपासणीला बोलावतात. जॅकेट, बूट, ट्रिगरचे वजन पुन्हा मोजले जाते आणि त्यात कमी पडले तर निकाल रद्द होतो. म्हणून मॅच आटोपताच ट्रिगरचा स्क्रू सैल करून पाहण्याचा मोह टाळावा, हत्यार पेटीत घालून तपासणी आटोपेपर्यंत हात लावू नये. गुणांबद्दल शंका असेल तर ती लगेच नोंदवावी, कारण आक्षेपाची मुदत फार थोडी असते.

बहुक्रीडा स्पर्धेत एकाच नेमबाजाला तीन-चार दिवसांत दोन-तीन स्पर्धा खेळाव्या लागतात. एक हरल्यावर रात्री व्हिडिओ पाहत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर ड्राय फायरिंग करून संध्याकाळी रेंजकडे पाठ फिरवावी. सरबज्योत २७ जुलैला एका इनर टेनने अंतिम फेरीबाहेर राहिला. २९ तारखेला तो मनूबरोबर मिश्र जोडीच्या पात्रतेत उतरला, आणि ३० जुलैला दोघांनी दक्षिण कोरियाच्या जोडीला १६-१० ने हरवून कांस्य घेतले.